कॅनिंग टाउनच्या फलाटावर लोक नेमके कशावर चिडले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लंडनमध्ये शिकता, विद्यापीठातल्या एका हवामान-गटात काम करता, आणि गटाची पुढची कृती ट्यूब (भुयारी रेल्वे) किंवा डीएलआर (पूर्व लंडनमधली हलकी रेल्वे) गाड्यांवर करावी असा प्रस्ताव आला आहे. चर्चेच्या वेळी कोणीतरी १७ ऑक्टोबर २०१९ चे कॅनिंग टाउन स्थानकावरचे चित्रीकरण दाखवले, ज्यात प्रवासी एका आंदोलकाला गाडीच्या टपावरून खाली ओढतात आणि फलाटावर त्याला लाथा घालतात. तुम्ही विचारता की ज्या शहरात हवामानबदलाची काळजी इतक्या लोकांना आहे, तेथे प्रवासी एवढे कसे भडकले, ते मुळात बेफिकीर आहेत का, आणि अशा कृतीने चळवळीचे भले होते की नुकसान.

मी लंडनच्या शहरी रेल्वेत बरीच वर्षे स्थानक पर्यवेक्षक होतो आणि आता नव्या कर्मचाऱ्यांना फलाटावरची गर्दी सांभाळायला शिकवतो. त्या सकाळी मी कॅनिंग टाउनला नव्हतो. त्यामुळे घटनेविषयी जे लिहितो ते सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीवरून, आणि गर्दीविषयी जे लिहितो ते माझ्या कामातून, असे समजून वाचावे. हवामानशास्त्र हा माझा विषय नाही.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न मिसळले आहेत असे मला वाटते. लोकांना राग कशाचा आला, तो राग हातघाईवर का गेला, आणि त्या रागाचा फटका मूळ मागणीला बसतो का, हे तिन्ही वेगवेगळे पाहिले नाही तर आपण ‘लोक स्वार्थी आहेत’ किंवा ‘आंदोलक मूर्ख आहेत’ यांपैकी एका सोप्या निष्कर्षावर जाऊन बसतो. फलाटावर काम केलेल्या माणसाला हे दोन्ही निष्कर्ष पटत नाहीत.

आधी पार्श्वभूमी. एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामानबदलावर आंदोलन करणाऱ्या संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये ऑक्सफर्ड सर्कस, वॉटर्लू पूल, मार्बल आर्च अशी ठिकाणे अकरा दिवस अडवली, हजाराहून अधिक लोकांना अटक झाली, आणि तरीही पुलावर कुंड्या आणि ऑक्सफर्ड सर्कसला गुलाबी होडी घेऊन बसलेल्या त्या आंदोलनाकडे शहराने बऱ्यापैकी कौतुकाने पाहिले. १ मे रोजी ब्रिटिश संसदेने हवामान-आणीबाणीचा ठराव मंजूर केला. त्याच एप्रिलमध्ये कॅनरी व्हार्फला डीएलआर गाडीच्या टपावर आंदोलक चढले होते. लोक वैतागले, पण मारामारी झाली नाही. ऑक्टोबरचे आंदोलन ७ तारखेला सुरू झाले तेव्हा पोलीस तयारीत होते. १४ ऑक्टोबरला त्यांनी संपूर्ण लंडनभर या आंदोलनावर बंदी घातली आणि ट्रफाल्गर चौक रिकामा केला. ही बंदी बेकायदा होती असा निर्णय उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबरला दिला, पण तोपर्यंत सगळे आटोपले होते. बसायला जागा उरली नाही की आंदोलनातले लहान, घट्ट गट अधिक टोकाच्या कृतींकडे वळतात. बंदीनंतर तीन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, स्ट्रॅटफर्ड, कॅनिंग टाउन आणि शॅडवेल या तीन स्थानकांवर कृती झाली ती अशा वातावरणात. संघटनेच्या स्वतःच्या अंतर्गत चाचणीत मत देणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक या कृतीच्या विरोधात होते. तरीही ती झाली, कारण त्या संघटनेच्या रचनेत एखाद्या गटाला थांबवण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. तुमच्या गटानेही हे लक्षात घ्यावे: बहुमत विरोधात असतानाही चार जण तुमच्या नावाने काही करू शकत असतील, तर त्याचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात.

आता फलाटाकडे येऊ. कॅनिंग टाउनवरून जाणाऱ्या ट्यूबच्या ज्युबिली मार्गावर वेस्टमिन्स्टरपासून नॉर्थ ग्रिनिचपर्यंतच्या भुयारी स्थानकांत फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत, आणि गाडी थांबल्यावरच ती उघडतात. तेथे कोणी टपावर चढूच शकत नाही. कॅनिंग टाउन हे उघड्यावरचे स्थानक आहे, त्यामुळे तेथे ही दारे नाहीत. दुसरे असे की ट्यूबची गाडी बुटकी असते. रुळापासून तिची उंची जेमतेम २.९ मीटर आणि फलाटावरून मोजली तर सुमारे दोन मीटर. म्हणजे टपावर उभ्या असलेल्या माणसाचे बूट खाली उभ्या असलेल्याच्या डोक्याच्या जरा वर येतात आणि हात वर केला की पाय धरता येतो. चित्रीकरणात नेमके हेच दिसते. आधी शिव्या, मग कप आणि हाताला लागेल ते भिरकावणे, मग एक प्रवासी वर चढू पाहतो, टपावरचा माणूस त्याला लाथेने मागे सारतो, आणि त्यानंतर फलाटावरचा नूर पालटतो. त्या लाथेआधी जमाव ओरडत होता. लाथेनंतर त्याने हात घातला. एप्रिलमधल्या प्रसंगात गाडी उंच होती, वेळ वेगळी होती, आणि वरच्या माणसाने कोणाला पाय लावला नव्हता. हे तपशील क्षुल्लक वाटतील, परंतु गर्दीच्या बाबतीत माणसांच्या विचारांइतकेच महत्त्व उंचीला, दारांना आणि बाहेर जाण्याच्या वाटेला असते.

गर्दीचा आणखी एक गुण असा की मागच्याला पुढचे दिसत नाही. कॅनिंग टाउनला वरून डीएलआरच्या गाड्या माणसे आणून सोडतात, बाहेर बसस्थानक आहे, आणि ही सगळी माणसे ज्युबिलीच्या फलाटावर उतरतात. गाडी अडली की पहिल्या तीन-चार मिनिटांत वरचा ओघ थांबवला नाही, तर मागचे पुढच्यांना पिवळ्या रेषेकडे ढकलू लागतात, आणि त्यांना तेवढेही कळत नसते की आपण ढकलतो आहोत. ट्यूबला वरून तारा नाहीत. वीज रुळांच्या बरोबरीने जाणाऱ्या दोन जादा पट्ट्यांतून येते आणि तिचा दाब ६३० व्होल्ट असतो. फलाटावरून खाली पडलेला माणूस तिच्यावर पडू शकतो. म्हणून आम्ही कर्मचाऱ्यांना शिकवतो की टपावरच्या माणसाला कधीही खाली ओढायचे नाही, वीज बंद करून घ्यायची, वरचे प्रवेश बंद करायचे, फलाट एका बाजूने रिकामा करायचा आणि पोलिसांची वाट पाहायची. हे करायला वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ प्रवाशांना असह्य होतो. त्या सकाळी काही प्रवासी आणि एक कर्मचारी मार खाणाऱ्या माणसाच्या आड उभे राहिले, हेही विसरू नये. ‘जमावाने मारले’ असे आपण म्हणतो तेव्हा जमावातल्या बहुतेकांनी काहीच केलेले नसते, आणि काहींनी उलट वागण्याचे धैर्य दाखवलेले असते.

राग हातघाईवर का गेला याचे माझे उत्तर एवढेच आहे. राग कशाचा होता, हा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

कृतीमागचे गणित असे होते की ही गाडी कॅनरी व्हार्फला, म्हणजे बँकांच्या मनोऱ्यांकडे जाते, आणि ती अडवली की तेल-कोळशाला पैसा पुरवणारी अर्थव्यवस्था अडते. नकाशावर ते बरोबर आहे. परंतु वेळ सकाळी सातच्या सुमाराची होती. मी ज्या ज्या स्थानकांवर काम केले तेथे सकाळचे प्रवासी लाटांनी येतात आणि प्रत्येक लाट वेगळी असते. साडेपाच ते सात या वेळात येतात ते सफाई कामगार, पहारेकरी, स्वयंपाकघरात काम करणारे, बांधकामावरचे मजूर, रुग्णालयात पाळी बदलायला निघालेले. बँकेतले साहेब साडेसातनंतर. कॅनिंग टाउन न्यूहॅममध्ये येते. पूर्व लंडनचा हा भाग कष्टकऱ्यांचा आहे आणि दक्षिण आशियाई व आफ्रिकी वंशाच्या लोकांची येथे मोठी वस्ती आहे. म्हणजे दगड मनोऱ्यावर मारायचा म्हणून उचलला आणि तो लागला मनोरे पुसणाऱ्यांना.

पंचवीस मिनिटे उशीर झाला तर या लोकांचे काय होते, हे महिन्याच्या पगारावर असणाऱ्या माणसाला चटकन समजत नाही. खोळंबा झाला की लोक काय करतात ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पहिल्या दोन मिनिटांत ते घड्याळाकडे आणि फलकाकडे पाहतात. मग फोन निघतात. आणि कंत्राटावर काम करणारी माणसे फोन कानाला न लावता हात उंच करून ध्वनिक्षेपकाकडे धरतात, म्हणजे आमची उद्घोषणा पलीकडच्या मुकादमाला ऐकू जावी आणि आपण खोटे बोलत नाही हे त्याला पटावे. एकदा कार्यालयांची सफाई करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या आणि गाडी किती वाजता अडली ते कागदावर लिहून सही करून द्या म्हणाल्या. असा कागद देण्याची आमच्याकडे काही पद्धत नव्हती. मी माझ्या वहीतले पान फाडून वेळ लिहून दिली आणि स्थानकाचा शिक्का मारला. त्यांनी ते पान घडी करून ओळखपत्राच्या पाकिटात ठेवले. तासाप्रमाणे मजुरी, कामाच्या तासांची हमी नाही, आणि दोनदा उशीर झाला की पुढच्या आठवड्याच्या यादीत नाव नाही, अशी ती नोकरी असते. उशीर पंधरा मिनिटांहून जास्त झाला तर लंडनमध्ये भाडे परत मागता येते, पण तो उशीर रेल्वेच्या आवाक्यातल्या कारणाने झाला असेल तरच. टपावर चढलेला माणूस त्यात बसत नाही.

म्हणून त्या फलाटावरच्या लोकांना मी बेफिकीर म्हणणार नाही. त्यांच्यावर कोणीतरी परस्पर खर्च टाकला होता. त्यांना कोणी विचारले नव्हते, दुसऱ्या वाटेने जायची सोय नव्हती, हे किती वेळ चालणार ते कोणी सांगत नव्हते, आणि खर्च टाकणारा माणूस त्यांच्या डोक्यावर उभा होता. यांत विजेवर चालणारी, शेकडो माणसांना एका वेळी नेणारी गाडी अडवली गेली हा विरोधाभासही होताच. ‘मोटारी सोडून गाडीने या असे तुम्हीच सांगता ना?’ हा प्रश्न फलाटावर कोणालाही सुचतो, आणि टपावरून त्याचे उत्तर देता येत नाही. आंदोलकांचे उत्तर असे होते की आम्हाला गाडी नव्हे, रोजचे रहाटगाडगे थांबवायचे आहे. ते उत्तर निबंधात टिकते. फलाटावर ते टिकायला लागणारा वेळ कोणाकडे नसतो.

येथे मी तुम्हाला त्याच दिवशीची दुसरी घटना दाखवतो, कारण तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत बोलके उत्तर तिच्यात आहे. शॅडवेलला त्याच सकाळी तीन ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी डीएलआर गाडी अडवली. त्यांत एक धर्मोपदेशिका आणि एक धर्मगुरू होते, आणि तिघांपैकी दोघांचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे होते. एकाने गाडीला हात चिकटवला, दोघे टपावर चढले आणि प्रार्थना केली. गाड्या तासाभराहून अधिक काळ अडल्या. प्रवाशांनी तेथेही संताप व्यक्त केला. रेल्वेगाडी अडवल्याचा खटला चालला आणि जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या न्यायालयात ज्युरीने तिघांना एकमताने निर्दोष ठरवले. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये एप्रिलच्या कॅनरी व्हार्फ प्रकरणातले सहा जणही ज्युरीपुढे सुटले होते.

ज्युरीतले बारा जण कोण असतात? मतदारयादीतून चिठ्ठीने निवडलेले सामान्य नागरिक, म्हणजे फलाटावर उभे असतात तसेच. त्यांतले काही जण बहुधा रोज त्याच गाड्यांनी जात असतील. त्याच कृतीबद्दल फलाटावरच्या नागरिकाची आणि ज्युरीतल्या नागरिकाची प्रतिक्रिया इतकी वेगळी का? ज्युरीला बसायला खुर्ची होती, आंदोलकांची बाजू त्यांच्याच तोंडून सावकाश ऐकायला मिळाली, कामावरून सुट्टी होती, आणि निर्णय त्यांच्या हातात होता. फलाटावर यांतले काहीही नव्हते. म्हणून ‘लोकांची प्रतिक्रिया’ अशी एक वस्तू असते असे मी मानत नाही. परिस्थिती लोकांकडून प्रतिक्रिया काढून घेते. अर्थात ज्युरीचा निकाल म्हणजे कृती शहाणपणाची होती असा दाखला नव्हे, आणि त्यानंतरच्या वर्षांत अशा कृतींबाबतचा कायदा बराच आवळला गेला आहे, याकडे मी शेवटी येतो.

मागणीला फटका बसतो का, या प्रश्नावर माझा अनुभव फारसा उपयोगाचा नाही, कारण प्रवासी दुसऱ्या दिवशी हवामानाबद्दल काय विचार करतो हे पर्यवेक्षकाला दिसत नाही. येथे संशोधकांचे ऐकावे लागते आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. फाइनबर्ग, विलर आणि कोव्हाचेफ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की टोकाच्या कृतींकडे लक्ष वेधले जाते, पण बघणाऱ्याला आंदोलक आपल्यातले वाटेनासे होतात आणि चळवळीचा पाठिंबा घटतो. दुसरीकडे, जस्ट स्टॉप ऑइल या तेलविरोधी आंदोलक गटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर जो खोळंबा केला त्याच्या आधी आणि नंतर घेतलेल्या पाहणीत फ्रेंड्स ऑफ द अर्थ या मवाळ संघटनेचा पाठिंबा किंचित, म्हणजे सुमारे अडीच टक्क्यांनी, वाढलेला आढळला. ब्रिस्टल विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक कॉलिन डेव्हिस यांचेही म्हणणे असे आहे की आंदोलकांचा राग येणे आणि मागणी नाकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मला हे पटते. टपावरच्या माणसाला शिव्या घालून घरी गेलेला प्रवासी तापमानवाढ खोटी आहे असे मानू लागत नाही. परंतु तो तुमच्या गटाचे पत्रक पुन्हा हातात घेणार नाही, आणि त्याच्या वस्तीत तुम्हाला बैठक घ्यायची असेल तर दार उघडणार नाही. पाहणीत मोजला जातो तो देशभरचा सरासरी कल. तुम्ही गमावता ती एका विशिष्ट वस्तीची ओळख, आणि ती परत मिळवणे फार अवघड असते.

मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या वाचकांना हे सगळे परिचित आणि तरी वेगळे वाटेल. टपावर चढणे तेथे थेट जिवावर बेतणारे, कारण वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि स्पर्श न करताही माणूस मरतो. पण गाड्या अडवणे मुंबईला नवीन नाही. २ जानेवारी २०१५ ला दिवा स्थानकात गाड्या रखडल्याने संतापलेले प्रवासीच रुळांवर उतरले आणि प्रकरण दगडफेकीपर्यंत गेले. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारामुळे लोकांनी जवळपास दहा तास लोकल बंद पाडली. दोन्ही वेळी हजारो निर्दोष प्रवासी अडकले, त्यांचेही खाडे झाले, पण त्यांनी आंदोलकांना मारले नाही. मला यामागचे कारण असे दिसते की रुळांवर उतरलेली माणसे त्याच फलाटावरची होती. उशिराची किंमत तीही मोजत होती, आणि मागणी ऐकणाऱ्याच्याही घरची होती. बदलापूरच्या आईबापांचा संताप डोंबिवलीत अडकलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नव्हता. दिव्याचे तर प्रकरणच गाड्यांचे होते. अशा आंदोलनांत हिंसा आणि नुकसान होते, त्याची भलामण मी करणार नाही, पण प्रवाशांची सहनशीलता कोठून येते हे समजण्यासाठी ती पाहावीत. कॅनिंग टाउनला टपावर सूट घातलेला गोरा माणूस होता आणि खाली कामावर निघालेले कृष्णवर्णीय आणि आशियाई लोक होते. हे चित्र देशभर पसरले तेव्हा त्याखाली कोणतेही वाक्य लिहिले असते तरी ते वाचले गेले नसते.

त्याच पंधरवड्यात मुंबईत आरेचे प्रकरण पेटले होते, म्हणून दोन वाक्ये. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो-३ च्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली, २९ आंदोलकांना अटक झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तेथे कोणाचीही गाडी अडली नव्हती, तरी आंदोलकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले की आमचा विरोध मेट्रोला नसून कारशेडच्या जागेला आहे. पर्यावरणवादी म्हणजे गाड्यांच्या आड येणारे, असा शिक्का इतक्या सहज बसतो. तुम्ही तर प्रत्यक्ष गाडीसमोरच उभे राहण्याचा विचार करत आहात.

बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मला मान्य करायला हवे. खोळंबा करणारे प्रत्येक आंदोलन लोकांना सारखेच खटकत नाही. नेदरलँड्समधल्या हेगमध्ये २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आंदोलकांनी ए-१२ रस्ता रोज अडवला. त्यांनी निवडलेला पट्टा संसद आणि मंत्रालय यांच्या मधला होता, मागणी एकच होती, जीवाश्म इंधनांना मिळणारी सरकारी सवलत बंद करा, आणि ती ज्यांनी मान्य करायची ते लोक खिडकीतून खाली पाहत होते. पाण्याचे फवारे मारले गेले, हजारोंना ताब्यात घेतले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये डच संसदेने सवलती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे पर्याय मांडायला सरकारला सांगणारा ठराव केल्यावर आंदोलन थांबवले गेले. उलट जर्मनीतल्या लेत्स्ते गेनेरात्सिओन या गटाची मागणी खरे तर प्रवाशांच्याच फायद्याची होती: महामार्गावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आणि नऊ युरोंचा मासिक पास कायम ठेवणे. परंतु रस्त्याला हात चिकटवून बसलेल्या माणसाकडे पाहून ही मागणी कोणाला कळत नसे. ३१ ऑक्टोबर २०२२ ला बर्लिनमध्ये काँक्रीटच्या ट्रकखाली सापडलेल्या सायकलस्वार महिलेकडे निघालेले बचाव-वाहन त्यांच्या एका कृतीमुळे झालेल्या कोंडीत अडकले. तिचा पुढे मृत्यू झाला. उपचारांवर त्या उशिराचा परिणाम झाला नव्हता असे घटनास्थळी असलेल्या डॉक्टरांचे मत असल्याचे नंतर प्रसिद्ध झाले, पण तोवर लोकांचे मत ठरून गेले होते. रस्ता असो वा रूळ, अडवताना कोण कोण अडकेल याची यादी तुमच्या हातात नसते.

तुमच्या जागी मी असतो तर प्रस्तावाला विरोध केला असता, आणि कारण तत्त्वाचे नसून जागेचे दिले असते. फलाट ही खोळंबा करण्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. रस्त्यावर अडकलेला माणूस उतरून चालू लागतो, वळसा घेतो. फलाटावर त्याच्या मागे माणसे असतात आणि पुढे वीज. तेथे एक धक्का लागला की कोणाच्याही हेतूला अर्थ उरत नाही. हे मी केवळ आंदोलकांच्या जिवासाठी म्हणत नाही, तर त्या वेळी पाळीवर असलेल्या दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या आणि लहान मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या प्रवाशाच्या वतीनेही म्हणतो.

त्याऐवजी काय करावे, हे सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही, तरी एक निरीक्षण सांगतो. बसमार्ग बंद होतात, गाड्या कमी होतात, भाडे वाढते, तेव्हा स्थानकाबाहेर सही मागणाऱ्यांभोवती घोळका जमतो. तेच लोक थांबतात, नाव विचारतात, आपल्या पाळीची कथा सांगतात. स्वस्त आणि पुरेशी सार्वजनिक वाहतूक ही हवामानाचीच मागणी आहे, आणि तिच्यात प्रवासी तुमच्या बाजूला असतो. एक्स्टिंक्शन रिबेलियननेही २०२३ च्या सुरुवातीला सर्वसामान्यांना अडवण्याच्या पद्धतीपासून दूर जात असल्याचे जाहीर केले आणि त्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टरला चार दिवस कोणतीही अडवणूक न करता मोठी गर्दी जमवली. वृत्तपत्रांनी तिला एप्रिल २०१९ इतकी जागा दिली नाही, हेही खरे आहे. शांतपणे जमलेल्या लोकांकडे कॅमेरे वळत नाहीत, ही आंदोलकांची तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

कायद्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. २०१९ चा आणि आजचा इंग्लंड यांत मोठे अंतर पडले आहे. २०२३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात स्वतःला वस्तूला जखडून घेणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे, आणि महत्त्वाच्या राष्ट्रीय सुविधांत अडथळा आणण्याच्या गुन्ह्यात रेल्वेचा समावेश आहे. जुलै २०२४ मध्ये एम-२५ अडवण्याचा कट केल्याबद्दल पाच जणांना चार ते पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. पुढच्या वर्षी अपिलात त्या पाचही कमी झाल्या, पण त्या खटल्यातला मुख्य पुरावा होता झूमवर झालेली एक बैठक. याचा अर्थ तुमच्या गटात सध्या चाललेली चर्चाच, ती कोणत्या माध्यमावर आणि कोणत्या शब्दांत चालली आहे यानुसार, पुरावा ठरू शकते. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिक्षा किरकोळ झाली तरी तिचा परिणाम येथे राहण्याच्या परवानगीवर होऊ शकतो, आणि गटातल्या ब्रिटिश मित्रांना हा धोका नसल्याने तो त्यांच्या चर्चेत येणारही नाही. पुढच्या बैठकीला जाण्याआधी विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात किंवा स्थलांतराचे काम करणाऱ्या वकिलाकडे जाऊन हे विचारून घ्या, आणि तोवर प्रस्तावाच्या बाजूने किंवा नियोजनाबद्दल काहीही लेखी टाकू नका.